गीझर केव्हा लावावा?

चिंचणीच्या दक्षिणेला, समुद्रकाठी, तारापूरचे अणुविद्युत केंद्र आहे. १९६९ साली सुरू झालेले हे भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र. पण वीजघर कितीही जवळ असले, तरी घरात वाया गेलेली वीज वायाच जाते.

आपल्या किनाऱ्यावर घर उबदार ठेवायला वीज लागत नाही. आंघोळीच्या पाण्याला मात्र लागते. पुष्कळांची समजूत असते, की गीझर दिवसभर चालू ठेवलेला बरा. गार पाणी पुन्हा तापवायला जास्त वीज लागते. हे खरे आहे का? हिशेब करून पाहू.

१५ लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून ६० अंशांपर्यंत तापवायचे आहे. १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवण्यास ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणून,

१५ × ४.२ × ३५ = २२०५ किलोज्यूल.

एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल; तेव्हा खर्च झाला सुमारे ०.६ युनिट. २ किलोवॉटचा गीझर हे काम साधारण १८ मिनिटांत करतो.

आता समजा, बंद केलेल्या गीझरमधील पाणी दोन तासांत ५ अंशांनी निवले. गेलेली उष्णता ३१५ किलोज्यूल. पाणी सतत ६० अंशांवर ठेवायचे, तर दर दोन तासांनी निदान एवढी भर घालावी लागेल. २४ तासांत ३७८० किलोज्यूल, म्हणजे एक युनिटाहून अधिक, आणि तेही नळ एकदाही न सोडता!

उलट, बंद गीझरमधील पाणी निवते तसा त्याच्या व हवेच्या तापमानांतील फरक घटतो. न्यूटनच्या शीतलन-नियमानुसार उष्णता बाहेर जाण्याचा वेगही मंदावतो. पुन्हा तापवताना गमावलेली उष्णता तेवढी भरून काढायची असते. म्हणून आंघोळीपूर्वी वीस मिनिटे गीझर लावणे पुरे.

पाण्याच्या पंपाची गोष्ट वेगळी. १००० लिटर पाणी १० मीटर उंच चढवण्यास तत्त्वतः ९८ किलोज्यूल ऊर्जा लागते. सकाळी चढवा की दुपारी, कार्य तेवढेच. वेळ बदलून युनिट वाचत नाहीत. पण संध्याकाळी सर्वांची मागणी एकदम वाढते. अणुकेंद्र रात्रंदिवस एकसारखे चालवणे सोयीचे असते. वाढीव भार कोयनेसारखी जलविद्युत केंद्रे चटकन उचलतात. पंप दुपारी चालवला, तर हा भार तेवढा हलका होतो.

आता एक गणित तुम्ही सोडवा: एकदा गीझर तापवण्याच्या ऊर्जेत किती पाणी १० मीटर चढेल? उत्तर: तत्त्वतः सुमारे २२,५०० लिटर.