मधुपेट्यांचे स्थलांतर : डिझेलची बचत आणि वसाहतींची सुरक्षितता

फिरते मधुमक्षिकापालन हा आज भारतातील व्यावसायिक मधउत्पादनाचा कणा आहे. पंजाब कृषी विद्यापीठाचे डॉ. ए. एस. अटवाल यांच्या प्रयत्नांतून १९६२ पासून नगरोटा बगवान येथे युरोपीय मधमाशी, म्हणजे एपिस मेलिफेरा, यशस्वीपणे स्थिरावली आणि त्यानंतर फुलोऱ्यामागे पेट्या घेऊन फिरण्याची पद्धत उत्तर भारतात रुजली. हिवाळ्यात राजस्थान व हरियाणातील मोहरी, मार्चमध्ये मुझफ्फरपूरची लिची, पुढे झारखंडमधील करंज, पंजाबातील बरसीम व सूर्यफूल, वसंतात हिमाचलमधील सफरचंद असा हा प्रवास चालतो. महाराष्ट्रातही कांदा बीजोत्पादन आणि डाळिंब बागांसाठी पेट्या हलविण्याचे प्रमाण वाढत आहे.

या प्रवासात डिझेल हा मोठा खर्च असतो. मधाचा दर पालकाच्या हाती नसतो, फुलोरा निसर्गाच्या हाती असतो; वाहतुकीचे नियोजन मात्र बऱ्याच अंशी पालकाच्या हाती असते. तथापि मधुपेट्या म्हणजे विटा किंवा सिमेंट नव्हे. इंधन वाचविण्याचा प्रत्येक उपाय वसाहतीच्या प्रकृतीशी ताडून पाहावा लागतो. प्रस्तुत लेखात हे दोन्ही हिशेब एकत्र मांडले आहेत.

डिझेल कोठे खर्च होते?

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने धावणाऱ्या ट्रकला मुख्यतः दोन रोधांवर मात करावी लागते. पहिला चाकांचा रोध. तो एकूण वजनाच्या प्रमाणात असतो व वेगानुसार फारसा बदलत नाही. दुसरा हवेचा रोध. तो वाहनाच्या समोरील क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला तर हवेचा रोध चौपट होतो.

एक उदाहरण घेऊ. ४ टन वजनाच्या ट्रकमध्ये प्रत्येकी ३० किलोच्या २०० पेट्या, म्हणजे ६ टन भार आहे. एकूण वजन १० टन झाले. रचलेल्या पेट्यांसह समोरील क्षेत्रफळ ७ चौ. मी., हवारोधाचा गुणांक ०.८ आणि चाकांच्या रोधाचा गुणांक ०.००८ धरला आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. तिच्यापैकी एक तृतीयांश, म्हणजे १२ मेगाज्यूल, प्रत्यक्ष चाकांपर्यंत पोहोचते असे मानले आहे. भरतपूर ते मुझफ्फरपूर या सुमारे ९०० कि. मी. अंतरासाठी गणित पुढीलप्रमाणे येते :

• वेग ताशी ६० कि. मी. : डिझेल १२९ लिटर, वेळ १५ तास
• वेग ताशी ७० कि. मी. : डिझेल १५४ लिटर, वेळ सुमारे १२ तास ५० मिनिटे
• वेग ताशी ८० कि. मी. : डिझेल १८३ लिटर, वेळ ११ तास १५ मिनिटे

चढ, गतिरोधक, वाहतुकीची कोंडी व वारंवार ब्रेक यांमुळे प्रत्यक्ष खप यापेक्षा अधिक येतो. परंतु वेगांमधील तुलना समजण्यासाठी हे आकडे पुरेसे आहेत. ८० ऐवजी ६० च्या वेगाने गेल्यास ५४ लिटर डिझेल वाचते. केवळ इंधनाचा विचार केला तर निर्णय सोपा आहे. परंतु पेटीतील माशीचा विचार येथून सुरू होतो.

रात्र किती तासांची?

मधमाश्या पिल्लांच्या पोळ्यांचे तापमान ३४ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात. उष्णता वाढली की कामकरी माश्या पंख हलवून हवा खेळवतात आणि पाणी आणून त्याच्या बाष्पीभवनाने पेटी थंड करतात. वाहतुकीत प्रवेशद्वार बंद असल्याने पाणी आणणे शक्य नसते. कोंडल्या गेलेल्या माश्या अस्वस्थ होतात, अधिक हालचाल करतात आणि त्या हालचालीने उष्णता आणखी वाढते. मेण वितळण्यासाठी ६२ अंशांहून अधिक तापमान लागत असले, तरी त्यापेक्षा बऱ्याच कमी तापमानालाही ते मऊ पडते आणि मधाने जड झालेली पोळी तुटून खाली बसतात. ज्या वसाहती भरभक्कम असतात त्याच सर्वप्रथम गुदमरतात. पालकाचे सर्वांत मोठे नुकसान यातच असते.

म्हणून प्रवास रात्री करावा, हा नियम सर्वांना ठाऊक आहे. मार्चमध्ये सायंकाळी माश्या परतल्यावर द्वारे बंद करून २०० पेट्या चढवेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात असे धरू. वाटेत अजिबात न थांबता ८० च्या वेगाने ट्रक सकाळी सव्वाआठला पोहोचेल, ७० च्या वेगाने दहाच्या सुमारास आणि ६० च्या वेगाने भर दुपारी बाराला. वाटेत दोन तास गेले तर हा शेवटचा ट्रक दुपारी दोन वाजता, तापलेल्या पेट्या घेऊन लिचीच्या बागेत उभा राहील.

आता ५४ लिटरची किंमत पाहू. डिझेलचा दर लिटरला ९० रुपये धरल्यास बचत ४,८६० रुपये होते. पेटीसह वसाहतीची किंमत ४,००० रुपये धरली, तर दोन वसाहती गुदमरून गेल्यास ही संपूर्ण बचत संपते आणि वर तोटा होतो. शिवाय नष्ट झालेल्या वसाहतीबरोबर त्या हंगामाचा मधही जातो.

एका तासाची किंमत

यातून मार्ग काढण्यासाठी वेग वाढवून वाचविलेल्या प्रत्येक तासासाठी किती डिझेल मोजावे लागते, हे पाहणे उपयुक्त ठरते. वरील उदाहरणात ६० वरून ७० वर गेल्यास वाचलेल्या प्रत्येक तासामागे सुमारे १२ लिटर जादा लागते. ७० वरून ८० वर गेल्यास तोच तास सुमारे १८ लिटरला पडतो. वेग जसजसा वाढतो तसतसा तास महाग होत जातो.

याउलट, ढाब्यावर, पंपावर किंवा कागदपत्रांच्या तपासणीत वाया जाणारा तास वाचविला, तर त्यासाठी एक थेंबही डिझेल लागत नाही. सर्वांत स्वस्त तास तोच. यासाठी पुढील तयारी प्रवासाच्या आदल्या दिवशीच पूर्ण असावी :

• डिझेलची टाकी भरणे, टायरमधील हवा, ब्रेक व दिवे तपासणे.
• नोंदणी, परवाना, विमा व मालाची कागदपत्रे एकाच पाकिटात चालकाजवळ ठेवणे.
• जेवण व पाणी सोबत घेणे. लांब पल्ल्यासाठी दोन चालक ठेवणे.
• पेट्यांचे तळपाट, कक्ष व झाकणे पट्ट्यांनी आवळून ठेवणे, म्हणजे सायंकाळी फक्त द्वारे बंद करून चढविण्याचे काम उरते.
• मुक्कामाची जागा व तेथील उतरवणारे मजूर निश्चित करणे.

या तयारीने दोन तास वाचले तर ७० च्या वेगाचे काम ६० ते ६५ च्या वेगात होते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सावकाश चालणे परवडते. मार्चमध्ये सुमारे ७० चा स्थिर वेग हा समतोल ठरतो. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र इंधनाचा हिशेब बाजूला ठेवून एका रात्रीत पार होईल एवढ्याच अंतरावरील फुलोरा निवडणे शहाणपणाचे आहे.

भार आणि रचना

स्थलांतरापूर्वी मध काढून घेणे हितावह असते. प्रत्येक पेटीतून ४ किलो मध काढला तर २०० पेट्यांचे वजन ८०० किलोंनी कमी होते आणि वरील प्रवासात सुमारे ५ लिटर डिझेल वाचते. ही बचत लहान आहे. परंतु जड पोळी तुटण्याचा आणि पातळ मध हिंदकळून माश्या भिजण्याचा धोका टळतो, हा लाभ मोठा आहे. प्रवासापुरते आणि नव्या जागी स्थिरावण्यापुरते अन्न मात्र पेटीत राहू द्यावे.

चढावर वजनाचे महत्त्व एकदम वाढते. १० टनांचा ट्रक १,००० मीटर उंचीवर नेण्यासाठी, सपाट रस्त्यावरील खर्चाव्यतिरिक्त, सुमारे ८ लिटर डिझेल लागते. सफरचंदाच्या बागांकडे जाताना रिकाम्या कक्षांचे व अनावश्यक सामानाचे ओझे पायथ्याशीच ठेवावे. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. गिअरमध्ये उतरल्यास आधुनिक इंजिन इंधनाचा पुरवठा आपोआप थांबवते, ब्रेकही तापत नाहीत.

केबिनच्या छपरावर चढलेला पेट्यांचा प्रत्येक थर हवेचा रोध वाढवितो. सुमारे ३५ सें. मी. उंचीचा एक जादा थर या प्रवासात ८ लिटरपर्यंत डिझेल खातो. हवेचा रोध कमी करण्यासाठी ताडपत्री घट्ट ओढून घेण्याचा मोह होतो; तो कटाक्षाने टाळावा, कारण ताडपत्रीखाली वसाहती गुदमरतात. ताडपत्रीऐवजी जाळी वापरावी आणि ती फडफडणार नाही अशी ताणून बांधावी. पेट्यांच्या ओळींमध्ये हवा खेळण्यास जागा ठेवावी. चौकटी गाडीच्या दिशेला समांतर राहतील अशा पेट्या लावाव्यात, म्हणजे ब्रेक लागताना चौकटी एकमेकींवर आपटून माश्या व राणी चिरडत नाहीत.

टायरमध्ये हवा कमी असल्याने चाकांचा रोध दहा टक्के वाढला, तरी याच प्रवासात सुमारे ६ लिटर अधिक लागतात. हवा टायर थंड असताना, पूर्ण भारासाठी उत्पादकाने सांगितलेल्या दाबाइतकी भरावी.

जोडगाडीचा प्रश्न

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बदाम बागांसाठी दर फेब्रुवारीत देशभरातून मधुपेट्या येतात. तेथे अवजड ट्रकांबरोबरच डिझेल पिकअपला जोडलेल्या ट्रेलरचाही वापर होतो. त्याच देशात घरासारखे प्रवासी ट्रेलर ओढणाऱ्या कुटुंबांचा अनुभव बोधप्रद आहे. असा ट्रेलर वजनाच्या मानाने उंच व रुंद असतो; सपाट महामार्गावर त्याचा इंधनखर्च वजनापेक्षा उंची व वेग यांनी ठरतो. मधुपेट्यांचा ट्रेलर त्याउलट ठेंगणा व जड असतो. पेट्या ओढणाऱ्या वाहनाच्या उंचीच्या आत राहिल्या तर हवेचा रोध मर्यादित राहतो. भाराचा मोठा भाग ट्रेलरच्या आसाच्या किंचित पुढे ठेवून सुमारे १० ते १५ टक्के वजन जोडणीवर यावे. मागे भार अधिक झाल्यास ट्रेलर डोलू लागतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ कि. मी., ही कमाल मर्यादा आहे.

आपल्याकडील ट्रॅक्टर-ट्रॉली मात्र जवळच्या शेतांपुरतीच वापरावी. स्प्रिंग नसलेल्या ट्रॉलीचे हादरे पोळ्यांना सोसत नाहीत आणि कमी वेगामुळे रात्र रस्त्यातच संपते.

सर्वांत मोठी बचत : एकत्रित वाहतूक

वरील सर्व उपायांपेक्षा मोठी बचत भरलेल्या गाडीत आहे. दोन शेजारी पालकांनी प्रत्येकी १०० पेट्या स्वतंत्र ट्रकने ६० च्या वेगाने नेल्या, तर प्रत्येक ट्रकला (एकूण वजन ७ टन, समोरील क्षेत्रफळ ६ चौ. मी. धरून) सुमारे १०१ लिटर, म्हणजे दोघांना मिळून २०२ लिटर लागतात. त्याच २०० पेट्या एका ट्रकमध्ये १२९ लिटरमध्ये जातात. ७३ लिटरची ही बचत माशीला कोणतीही झळ न लावता होते. वाहनाची क्षमता मात्र ओलांडू नये. जादा भारासाठी मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या सुधारणेनुसार २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे.

एकत्र वाहतुकीपूर्वी दोन्ही मधुवाटिकांतील वसाहतींची तपासणी अनिवार्य समजावी. व्हरोआ कोळी किंवा फाऊल ब्रूड रोगाची लक्षणे असलेल्या वसाहती वेगळ्या ठेवाव्यात. वाचलेल्या डिझेलबरोबर रोग वाटून घेण्यात शहाणपण नाही.

वाटेत थांबावे लागल्यास

उभ्या ट्रकमधील पेट्यांना वारा मिळत नाही. दिवसा थांबणे अटळ असेल तर दाट सावलीत, वाऱ्याच्या दिशेने गाडी लावावी आणि जाळीवरून पाण्याची बारीक फवारणी करावी. इंजिन चालू ठेवल्यास थरथराटाने माश्या पोळ्यांना बिलगून राहतात, असा पालकांचा अनुभव आहे. परंतु संपूर्ण जाळी असल्यास त्याची गरज कमी होते आणि उभ्या इंजिनात तासाला दीड ते तीन लिटर डिझेल जाते. पाच मिनिटांहून अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे.

नोंद ठेवा, मग निर्णय घ्या

प्रत्येक स्थलांतरासाठी अंतर, पेट्यांची संख्या, टाकी पूर्ण भरून ते पुन्हा पूर्ण भरेपर्यंत लागलेले डिझेल, निघण्याची व पोहोचण्याची वेळ आणि दगावलेल्या वसाहती, एवढ्या पाच गोष्टी वहीत लिहाव्यात. डिझेलला पेट्यांच्या शेकड्याने आणि अंतराच्या शेकड्याने भागले की शंभर वसाहती शंभर कि. मी. नेण्याचा खर्च मिळतो. वरील भरलेल्या ट्रकचा हा आकडा ७.२ लिटर, तर अर्ध्या भरलेल्या ट्रकचा ११.२ लिटर येतो. विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या गटातील पालकांचे असे आकडे हंगामाच्या शेवटी एकत्र मांडल्यास कोणाची गाडी, कोणाचा वेग आणि कोणाची रचना योग्य, हे वादाविना स्पष्ट होईल. दगावलेल्या वसाहतींचा रकाना मात्र डिझेलच्या रकान्याशेजारीच असावा. एकटा आकडा नेहमी अर्धेच सत्य सांगतो.