चौघांनी वाहून आणलेला मनुष्य

शास्त्रभाग : मार्क २:१-१२.
पाठांतराचे वचन : गलतीकरांस पत्र ६:२.
पाठाचा उद्देश : व्यसनात सापडलेल्या तरुणास साहाय्य कोठे व कसे मिळते हे समजून घेणे, आणि त्याजकरिता मंडळीने काय करावे याचा निश्चय करणे.

१. शास्त्रभागाचा विचार

कफर्णहूम गावी प्रभू येशू एका घरात आहे असे ऐकून इतके लोक जमले की दारातही जागा उरली नाही. तेव्हा चौघे जण एका पक्षघाती मनुष्यास बाजेवर घालून घेऊन आले. दाराने जाता येईना म्हणून त्यांनी छप्पर उकलले व बाज खाली सोडली. ह्या वृत्तांतातील तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली ही की, तो मनुष्य आपल्या पायांनी येऊ शकत नव्हता. दुसरी ही की, त्याची वाट अडविणारे लोक दुष्ट नव्हते. ते वचन ऐकावयास आलेले होते. तिसरी ही की, प्रभूने आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला.

आपल्या मंडळ्यांतील एखादा तरुण दारूच्या, गांजाच्या किंवा गर्दाच्या आहारी गेला म्हणजे आपण बहुधा म्हणतो, “मनात आणील तर आज सोडील.” हे म्हणणे त्या पक्षघाती मनुष्यास “ऊठ, चालत ये” असे दुरून सांगण्यासारखे आहे. व्यसनाचा आरंभ पुष्कळदा स्वेच्छेने होतो हे खरे. परंतु पुढे शरीर व मेंदू त्या पदार्थास असे बांधले जातात की केवळ निश्चयाने सुटका होत नाही. व्यसनाधीनता हा रोग आहे असे वैद्यकशास्त्र मानते. त्यात पाप नाही असे आम्ही म्हणत नाही. प्रभूने त्या मनुष्यास पापांची क्षमाही दिली व शरीराचे आरोग्यही दिले. त्याने एकाकरिता दुसरे टाकले नाही.

२. दोन धोके

पहिला धोका. कित्येक घरी मुलास खोलीत कोंडून त्याची दारू एकाएकी तोडतात. जो दीर्घ काळ रोज पुष्कळ पितो, त्याचे हात पहिल्या दिवशीच कापू लागतात, घाम सुटतो, झोप जाते. कोणास फेफऱ्यासारखे झटके येतात; कोणास दोन-चार दिवसांत भ्रम होऊन नसलेली माणसे व जनावरे दिसू लागतात. ह्यात प्राणही जाऊ शकतो. ह्यास्तव अशाची दारू वैद्याच्या देखरेखीखालीच सोडवावी. झटके किंवा भ्रम दिसताच रात्र असली तरी इस्पितळाची वाट धरावी.

दुसरा धोका. आई किंवा पत्नी कोणाच्या सांगण्यावरून पुडी आणून जेवणात चोरून मिसळते. दारू सोडविण्याचे एक औषध असे आहे की, त्यावर मद्य घेतल्यास ओकारी होते, छाती धडधडते व रक्तदाब एकदम उतरून जीव धोक्यात येतो. ते रोग्यास सर्व सांगून, त्याच्या संमतीने व वैद्याच्या हातूनच द्यावयाचे असते.

३. आजचे चौघे कोण?

पहिले घरचे लोक. त्यांनी शिव्याशाप देऊ नयेत, तसेच त्याची कर्जे फेडून व खोट्या सबबी सांगून व्यसन झाकूही नये. तो शुद्धीवर असेल अशी वेळ पाहून, सकाळी, थोडक्या शब्दांत बोलावे : “बाळा, तू आम्हांस हवा आहेस, चल, मी तुझ्याबरोबर येतो.”

दुसरा उपदेशक. त्याने स्वतः वैद्य होऊ नये, पण वाट ठाऊक असलेला माणूस व्हावे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात हे त्याने विचारून ठेवावे. भारत सरकारचा व्यसनमुक्तीविषयीचा विनामूल्य दूरध्वनी १४४४६ व मानसिक आरोग्याचा १४४१६ हे आकडे चर्चच्या दारावर लिहावे. गांजा किंवा गर्द घेणारा तरुण पोलिसांच्या भयाने लपतो. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ असे आहे की, अल्प प्रमाणासंबंधीचा आरोप असलेला व्यसनी मान्य संस्थेत आपण होऊन उपचार घेऊ लागला व त्याने ते पुरे केले, तर त्या आरोपाबद्दल त्याजवर खटला चालत नाही. हे त्यास सांगावे. त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मात्र चावडीवर नेऊ नये.

तिसरा वैद्य. औषधाकडे जाणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. मिरजेस डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उभारले ते प्रभूच्याच सेवेकरिता. पुण्यास येरवड्यात मुक्तांगण नावाचे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ सालापासून चालू आहे. श्री. अनिल अवचट यांनी गर्दाने उद्ध्वस्त झालेल्या तरुणांविषयी लिहिले. ते वाचून श्री. पु. ल. देशपांडे व सौ. सुनीताबाई यांनी साहाय्य केले, व मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी ते केंद्र उभे केले. तेथे शरीर शुद्ध करण्याबरोबर मनाचीही नवी घडण व्हावी म्हणून रोग्यास कित्येक आठवडे ठेवून घेतात.

चौथा, त्याच रोगातून उठलेला मनुष्य. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन शहरी न्यूयॉर्कचा एक दलाल कामासाठी आला होता. त्याने काही महिन्यांपूर्वी दारू सोडली होती. परंतु काम फसले व पुन्हा पिण्याचा मोह त्यास झाला. तेव्हा दुसऱ्या एखाद्या मद्यासक्ताशी बोलल्यानेच आपण वाचू असे वाटून त्याने एका अनोळखी पाळकास टेलिफोन केला. त्या पाळकाने दिलेल्या नावांवरून शोध लागत लागत त्याची व एका मद्यासक्त शस्त्रवैद्याची भेट झाली. ह्या दोघांपासून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस हा बंधुसंघ निघाला. तो आज महाराष्ट्रातही अनेक ठिकाणी आहे; तेथे फी नाही व आडनाव विचारीत नाहीत. घरच्यांसाठी अल-अॅनॉन ह्या नावाच्या निराळ्या सभा असतात. त्या पाळकाने व्याख्यान दिले नाही. त्याने नावे दिली. उपदेशकबंधूंनो, एवढे तर आपणां सर्वांस करता येईल.

४. दारातील गर्दी

आता आपल्याविषयी. मुलगा उपचार घेऊन परत येतो, तेव्हा मंडळीत कुजबूज होते. लग्नकार्यात कोणी थट्टेने पेला पुढे करतो. सहा महिन्यांनी तो घसरला की “आम्ही म्हणतच होतो” असे म्हणतात. ही दारातील गर्दी होय. पुन्हा घसरणे ह्या रोगात पुष्कळदा घडते. ते उपचार व्यर्थ गेल्याचे चिन्ह नसून पुन्हा वैद्याकडे जाण्याची खूण आहे. प्रभूने त्या मनुष्यास बाज उचलून आपल्या घरी जावयास सांगितले. घरी त्यास काम, सोबत व मान मिळाला पाहिजे. त्यास भजनात झांज द्या, रविवारच्या शाळेत वर्ग मांडण्याचे काम द्या, व पगाराच्या दिवशी संध्याकाळी कोणी तरी त्याजबरोबर चालत घरापर्यंत जा.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत कोणाची बाज अद्याप उचलली गेली नाही?
२. आपल्या कोणत्या बोलण्याने दार अडले आहे?
३. आपल्या गावापासून जवळचे उपचाराचे ठिकाण कोणते, तेथवर भाडे किती, व ते मंडळीच्या पेटीतून देता येईल काय?
४. ह्या आठवड्यात बाजेचे चार कोपरे कोण धरणार? नावे ठरवा.

प्रार्थनेचा विषय : व्यसनाने बांधलेले तरुण व त्यांच्या जागत्या माता, आणि छप्पर उकलण्याइतके धैर्य आपणां सर्वांस मिळावे म्हणून.