नाव, गाव, फळ, फूल आणि घटना

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. त्यातला निम्मा मुलं विसरली असतील, पण एक खेळ कुणी विसरलेलं नाही. एखादे सर रजेवर गेले की त्यांचा ऑफ तास माझ्या गळ्यात पडायचा. अशा तासाला मुलं वहीच्या मागच्या पानावर नाव-गाव-फळ-फूल खेळत. एकदा मी म्हटलं, ‘खेळा, पण पाचवा रकाना आखा. घटना.’ एकानं मनातल्या मनात क, ख, ग म्हणत जायचं, दुसऱ्यानं ‘स्टॉप’ म्हणायचं आणि जे अक्षर येईल त्यावरून इतिहासातली एक घटना लिहायची. गुणांचे नियम नेहमीचेच. दोघांचं सारखं आलं तर पाच-पाच, आणि साऱ्या वर्गात तुमचं एकट्याचंच असेल तर दहा.

त्या पाचव्या रकान्यानं मुलांना काय शिकवलं ते त्यांना विचारा. मला जे शिकवलं ते हे असं.

1. खुंटीचं काम खुंटीला करू द्या.

‘प’ आला की वर्ग खूश व्हायचा. मराठ्यांच्या इतिहासात ‘प’चं पीकच उदंड. प्रतापगड, पन्हाळा, पावनखिंड, पुरंदर, पालखेड, पानिपत. (प्रतापगड ‘प’त धरायचा की नाही यावर एक तास वाया गेला. जोडाक्षरालाही माणूस समजा, असा निकाल मी दिला.) सनावळ्या ज्यांच्या डोक्यात टिकत नसत त्यांनाही ही माळ पाठ व्हायची. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली अफजलखान पडला आणि अठराच दिवसांनी, 28 नोव्हेंबरला, पन्हाळा शिवाजी महाराजांच्या हाती आला. ‘प ते प, अठरा दिवस’ हे एका मागच्या बाकावरच्या मुलानं स्वतः शोधलेलं सूत्र. ते मी पुढं वीस वर्षं माझं म्हणून वापरलं. पाठांतराला हिणवायची फॅशन आहे, पण डोक्यात काही टांगलेलंच नसेल तर विचार कशाचा करणार?

2. नाव सारखं दिसलं की आधी सन विचारा.

एकदा दोन मुलांनी ‘पानिपत’ लिहिलं. पाच-पाच गुण द्यायला गेले तर एक उसळून म्हणाला, ‘बाई, माझं बाबराचं आहे, त्याचं भाऊसाहेबांचं!’ बरोबरच होतं त्याचं. 21 एप्रिल 1526 ला बाबरानं इब्राहिम लोदीला हरवलं ते पानिपत, 5 नोव्हेंबर 1556 ला डोळ्यात बाण लागून हेमू पडला आणि अकबराचं राज्य वाचलं तेही पानिपत, आणि 14 जानेवारी 1761 चं ते आपलं पानिपत. दिल्लीवर वायव्येकडून चालून येणाऱ्याची वाट त्याच सपाट मुलखातून जाते, म्हणून तीनदा तिथंच गाठ पडली. दोघांना दहा-दहा दिले.

पुरंदरनं तर मला पेपर तपासताना घाम फोडला. एकानं लिहिलं होतं की पुरंदरच्या तहात मिर्झाराजे जयसिंग आणि नाना फडणीस यांच्यात बोलणी झाली. पहिला तह 11 जून 1665 चा, शिवाजी महाराज आणि मिर्झाराजे यांचा. दुसरा 1 मार्च 1776 चा, पुण्याचे कारभारी आणि इंग्रजांचा वकील कर्नल अप्टन यांचा. मधे एकशे अकरा वर्षं. त्या पोरानं दोन पिढ्या नव्हे, दोन शतकं एका सतरंजीवर बसवली. मी लाल शाईनं काट मारली, पण चूक निम्मी माझी होती. मी फळ्यावर नेहमी नुसतं ‘पुरंदर’ लिहायची.

3. पहिल्या अक्षराच्या नादात दुसरा शब्द सोडू नका.

पुरंदरचा तह आणि पुणे करार खेळात शेजारी बसतात. पण तह होतो लढाईनंतर, आणि हरणाऱ्याला काहीतरी सोडावं लागतं. 1665 ला महाराजांनी तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख दिला, बारा किल्ले आणि एक लाखाचा मुलूख राखला. आकडे नीट बघितले की कळतं, हा शेवट नव्हता, दम खायला घेतलेली फुरसत होती.

24 सप्टेंबर 1932 चा पुणे करार वेगळ्या जातीचा. ब्रिटिशांनी अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. त्याविरुद्ध गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात उपोषणाला बसले. डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मतदारसंघ सोडले आणि प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा 71 वरून 148 झाल्या. मुलं हमखास लिहितात, ‘गांधीजी व आंबेडकर यांनी सह्या केल्या.’ गांधीजींची सहीच त्यावर नाही. त्या बाजूनं मदनमोहन मालवीय वगैरे नेत्यांच्या सह्या आहेत. इथं तलवार कुठंच नव्हती, पण एका माणसाचा जीव टांगणीला लागलेला असताना दुसऱ्याला सही करावी लागली. ‘करार’ हा शब्द वाचताना तेवढं ध्यानात ठेवावं.

4. नाव घटनेच्या मागून येतं.

‘घ’ आला तेव्हा एकानं ‘घोडखिंड’ लिहिलं आणि वर्ग हसला. मी त्याला दहा दिले. 12 जुलै 1660 च्या रात्री महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळ्यावरून निसटले, तेव्हा विशाळगडाच्या वाटेवरची ती खिंड घोडखिंडच होती. बाजीप्रभू आणि त्यांची माणसं तिथं पडली, म्हणून ती पावन झाली. लढणाऱ्यांना आपण पावनखिंडीत लढतोय हे ठाऊक नव्हतं.

हेच ‘पहिल्या महायुद्धा’चं. 1914 ला खंदकात उतरलेल्यांना ते नुसतं महायुद्ध होतं. ‘पहिलं’ हे विशेषण पक्कं झालं ते 1939 ला दुसरं उभं राहिल्यावर. म्हणजे खेळात ते आधी ‘म’च्या पानावर होतं, मग ‘प’च्या पानावर आलं.

5. अक्षर घटनेचं नसतं, बोलणाऱ्याचं असतं.

1857 कुठल्या अक्षरात घालाल? इंग्रजधार्जिणा असेल तर ‘शिपायांचं बंड’, म्हणजे ‘श’. पाठ्यपुस्तकवाला ‘उठाव’, म्हणजे ‘उ’. सावरकरांनी 1909 च्या ग्रंथात त्याला स्वातंत्र्यसमर म्हटलं, म्हणजे ‘स’. माणसं तीच मेली, अक्षरं तीन.

आमच्या भागातली जुनी माणसं 1943 च्या प्रतिसरकारला ‘पत्री सरकार’ म्हणतात. क्रांतिसिंह नाना पाटलांची माणसं खबऱ्यांच्या तळपायाला पत्रे ठोकतात, असं गावोगाव बोललं जायचं. ‘प्रति’त राजकारण आहे, ‘पत्री’त जरब आहे. अक्षर नशिबानं एकच.

आणि भाषा बदलली की सगळी मांडणीच बदलते. इंग्रजी माध्यमातल्या माझ्या भाचीनं ‘पी’वरून पार्टिशन लिहिलं, आमच्या वर्गात ती फाळणी, आणि ‘फ’ आला की पोरांना फ्रेंच राज्यक्रांतीखेरीज दुसरं काही सुचायचं नाही. प्लासी तर मूळची बंगालीतली ‘पलाशी’, पळसांचं गाव. आपण इंग्रजाच्या जिभेनं पळस मोडला आणि लढाई पाठ केली.

6. योगायोगाला कारण समजू नका.

ही चूक मी केली. फळ्यावर ऐटीत लिहिलं: प्लासीची लढाई 23 जून 1757; नानासाहेब पेशवे पानिपताच्या धक्क्यानं पर्वतीवर वारले तो दिवस 23 जून 1761. पन्हाळ्यावरून सुटका 12 जुलै 1660. पानशेतचं धरण फुटलं 12 जुलै 1961. पानिपत 1761, पानशेत 1961, बरोबर दोनशे वर्षं. वर्ग गारठला. मीही गारठले. मग एक मुलगी म्हणाली, ‘बाई, मग 2161 ला ‘प’वरून काय होणार?’

मी फळा पुसला. त्या तासाला खरं शिकवायचं होतं ते राहूनच गेलं होतं. प्लासी आणि पानिपत यांचा संबंध तारखेत नाही. प्लासीनंतर बंगालचा पैसा कंपनीच्या हाती जाऊ लागला आणि चारच वर्षांत पानिपतावर मराठ्यांची एक आख्खी पिढी कापली गेली. एकाचं बळ वाढत असताना दुसऱ्याचं मोडलं. तेव्हापासून मी सहावा रकाना काढला: ‘मग काय झालं?’ तिथं ‘प’ चालत नाही. पुरंदरनंतर येतं आग्रा, 1666. पालखेडला 28 फेब्रुवारी 1728 ला बाजीरावांनी निजामाला कोंडीत पकडलं, त्यानंतर येतो मुंगी-शेवगावचा तह. कारणं बाराखडीच्या क्रमानं चालत नाहीत.

7. ज्यांनी भोगलं त्यांना नाव लागत नाही.

माझं माहेर पुण्याचं, नारायण पेठेतलं. पुण्यात आजही ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ अशी कालगणना ऐकू येते. धरण नवं, पहिल्याच पावसाळ्यात भरत होतं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते धरून ठेवलं, म्हणून ते रात्री न फुटता दिवसा फुटलं आणि हजारो जीव वाचले. मागोमाग खडकवासल्याचं धरण गेलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं.

हे सगळं मी वाचून सांगते. आई कधी ‘पानशेत’ म्हणाली नाही. ती म्हणायची, ‘पाणी आलं तेव्हा.’ आणि तिच्या गोष्टीत पाणी थोडं, चिखलच फार. पूर ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ, त्यात रुतलेला पोळपाट, आणि खडकवासलाच फुटल्यामुळं नळाला थेंब नाही. ‘गावभर पाणी, आणि भांडी धुवायला नाही,’ एवढंच ती सांगायची. पाठ्यपुस्तकात पोळपाट नसतो. मी मात्र त्यानंतर कुठलीही लढाई शिकवताना एकदा तरी विचारायची, ‘त्या रात्री स्वयंपाक कुणी केला असेल?’

8. रकाना रिकामा दिसला तरी काट मारायची घाई करू नका.

‘उ’ आला होता. सगळ्यांनी ‘उठाव’ लिहिला, पाच-पाच गुण घेतले. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘उठलो’. मी हसून काट मारली. म्हटलं, ‘अगं, क्रियापद नको, घटना हवी.’ ती काही बोलली नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी कोयनेच्या धरणग्रस्तांच्या एका वस्तीवर जनगणनेच्या कामासाठी गेले. प्रत्येक घरात ‘इथं कधीपासून राहता?’ विचारायचं होतं. एका म्हातारीनं सन सांगितला नाही. म्हणाली, ‘उठलो तवापासून.’ शेजारच्या घरातही तेच. त्याच्या शेजारीही. गाव पाण्याखाली गेलं, माणसं उठली, इथं येऊन बसली. त्या वस्तीला दुसरी सनावळी नव्हती. तेव्हा आठवलं, ती मुलगी याच वस्तीतून शाळेत यायची.

आख्ख्या वर्गात ते उत्तर तिचं एकटीचं होतं. म्हणजे माझ्याच नियमाप्रमाणं मी तिचे दहा गुण लागते.