माळ घातल्यानंतरचे दिवस

चि. चिऊस,


तुझं पत्र पोचलं. हरिपाठ म्हणताना ओठ हलतात पण मन ऑफिसात असतं, शेजारची बाई गहिवरते तेव्हा तूही पदराने डोळे टिपल्यासारखं करतेस, असं लिहिलं आहेस. अशा मुलीने गळ्यात माळ ठेवावी का, असंही विचारलं आहेस. फोनवर हे घाईघाईत झालं असतं, म्हणून लिहायला बसले.

माळ काढू नकोस. डोळे टिपणं मात्र आजपासून बंद कर. मन लागत नाही, यात तुझा काही गुन्हा नाही. पण लागल्याचं दाखवत राहिलीस, तर काही महिन्यांनी खरं काय आणि दाखवायचं काय हे तुझं तुलाच कळेनासं होईल. त्याची मला जास्त काळजी वाटते.

तुला वाटतं, कोरडी तू एकटीच. कीर्तनं ऐकून तसं वाटणं स्वाभाविक आहे. तुकोबांचा दुष्काळ दोन वाक्यांत उरकतो, मग एकदम गाथा तरते आणि विमान येतं. मधली वर्षं कुणी सांगत नाही. तुकोबांनी स्वतः ती सांगितली आहेत. त्यांचा आत्मचरित्रपर अभंग गाथेतून काढ आणि चाल न लावता, नुसता वाच. 1630 च्या सुमाराचा दुष्काळ, व्यापारात आलेली खोट, अन्नावाचून गेलेली पहिली बायको, लोकांत तोंड दाखवायची लाज, सगळं एकापाठोपाठ येतं. मोडकं देऊळ दुरुस्त करावंसं वाटलं, एकादशीला कीर्तन करू लागलो, असं सांगताना सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हतं हेही ते सांगून टाकतात. पुढे वह्या बुडवाव्या लागल्या आणि ते देवाच्या दारात धरणं धरून बसले, तेही त्याच अभंगात आहे. ज्यांच्या नावाचा आपण गजर करतो त्यांनी हे लपवलं नाही, मग तू कुणासाठी लपवतेस?

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनही मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही, असं सरळ म्हणतो. भगवंत त्याला रागावत नाहीत. मन आवरायला कठीण आहे हे आधी मान्य करतात, मग अभ्यास आणि वैराग्य सांगतात. तुझी तक्रार एवढी जुनी आहे.

आता एक गोष्ट मी ठासून लिहिते, कारण या वाटेवर तिच्यात फार घोळ घातला जातो. प्रत्येक त्रास म्हणजे देवाची परीक्षा नसते. पाठात मन न लागणं हा साधनेतला कोरडेपणा आहे, तो येतो आणि जातो. पण आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जायचं, नाम सोबतीला आहेच. गोळ्या घेतल्याने नामाला कमीपणा येत नाही. आणि कुणी महाराज एकांतात भेटायला बोलावू लागला, पैसे मागू लागला, चारचौघांत तुझा पाणउतारा करून ‘अहंकार जाळतोय’ म्हणू लागला, तर ती परीक्षा नव्हे, तो अन्याय. उठून घरी यायचं आणि मला सांगायचं. शिऊरच्या बहिणाबाईंनी आपल्या अभंगांत नवऱ्याने केलेली मारहाण लिहून ठेवली आहे. सतराव्या शतकातल्या एका बाईने एवढं धैर्य दाखवलं. ते वाचून कुणी तुला ‘बघ, सोसल्याने संत होता येतं’ असं शिकवलं, तर ऐकू नकोस. मार हा मारच असतो.

संप्रदायावर तुझं प्रेम आहे, म्हणून त्याचीही कठीण बाजू तुला ठाऊक असावी. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराजवळ, देवळाबाहेर आहे. अस्पृश्य मानलेल्या त्यांच्या जातीच्या माणसांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. इरावती कर्वे वारीला गेल्या आणि ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी लिहिलं की एकाच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी बसत होती. एकत्र गाणारी माणसं जेवायला वेगळी बसतात, हे त्यांच्या मनाला लागलं. आपल्या दिंडीत असं काही दिसलं तर नजर वळवू नकोस. माझी वारीवरची माया असल्या गोष्टी कळल्याने कमी झालेली नाही.

आषाढीला चालायचं म्हणतेस. मग तिथलंही नीट ऐकून घे. पुण्याहून सासवडचा टप्पा तीसेक किलोमीटरचा, त्यात दिवे घाट, आणि तिथीच्या हिशेबाने बहुतेक वर्षी त्याच दिवशी एकादशी. म्हणजे घाट उपवासाच्या पोटी चढायचा. तळपायाला फोड येतात. जुन्या बायका सुई तापवून फोडातून दोरा ओवतात आणि दोरा तसाच ठेवतात, पाणी झिरपून जातं. तू आपली पट्टी आणि मलम आण, ते बरं. आंघोळीसाठी बायका पहाटे तीनलाच टँकरपाशी जातात, कारण उजाडल्यावर आडोसा नसतो. अंधारात, चिखलात, भिजलेलं लुगडं एका हाताने धरून दुसऱ्या हाताने कोरडं नेसायचं, आणि मागे रांग ओरडत असते. पाळीची तारीख आली म्हणून पुष्कळ जणी ती पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. तू डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. चालताना पाळी आली तर आली, विठोबाचं त्यात काही अडत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. दिंडीत कुणी नाक मुरडलं तर माझ्याकडे बोट दाखव.

सध्या एवढंच कर. हरिपाठ रोज म्हण, पण घरी, एकटीने, मोठ्याने. मन पळालं की ज्या चरणावर होतीस तिथून पुन्हा सुरू कर, स्वतःला शिव्या देत बसू नकोस. एखाद्या दिवशी अगदीच जमलं नाही, तर ‘आज जमलं नाही’ असं देवासमोर म्हणून झोप. ज्यांनी माळ घातली त्या महाराजांना भेटून मला लिहिलंस तेच शब्द सांग. त्यांनी समजून घेतलं तर त्यांच्याकडे जात राहा. ‘तुझी श्रद्धाच कमी’ म्हणून वाटेला लावलं, तर संप्रदायात समजून घेणारी दुसरी माणसं आहेत. मी गाठ घालून देईन.

बाबाला यातलं काही सांगितलं नाहीस, असं दिसतं. त्याला सांग. तो माळकरी नाही, पण तुझा बाप आहे.

दिंडीत मी अजून तुझं नाव दिलेलं नाही. ज्येष्ठ लागायच्या आत कळव, म्हणजे राहुटीत जागा धरता येईल. यंदा नको वाटलं तर तसं कळव, मी कारण विचारणार नाही.

तुझी,
आत्या