बॅटरीतला पंप कुठे असतो?

प्रश्न : घरच्या इन्व्हर्टरची अवजड बॅटरी १२ व्होल्टची आणि स्कूटरची विटेएवढी बॅटरीही १२ व्होल्टचीच, हे कसं? शाळेत विभवांतर शिकवताना गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण देतात. पण टाकीत पाणी पंप चढवतो; बॅटरीत पंप कुठे असतो? आणि गॅरेजवाला बॅटरीच्या दोन्ही टोकांना खुशाल हात लावतो, पाना मात्र लागू देत नाही, ते का?
– एक वाचक, वारजे, पुणे

उत्तर : तुमचा मधला प्रश्न फार मोलाचा आहे. टाकीचं उदाहरण देणारे बहुतेक जण नेमके पंपापाशी थांबतात.

बॅटरीतला पंप म्हणजे रासायनिक अभिक्रिया. प्लेट आणि ॲसिड जिथे एकमेकांना भिडतात, त्या नॅनोमीटरच्या आसपास जाडीच्या थरात ती चालते. तुमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत एक प्लेट शिशाची, दुसरी लेड डायऑक्साइडची आणि दोन्ही सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडालेल्या असतात. शिशाचं लेड सल्फेट होताना दर अणूमागे दोन इलेक्ट्रॉन प्लेटवर मागे राहतात. समोरच्या डायऑक्साइडचंही लेड सल्फेटच होतं, पण त्यासाठी त्याला दोन इलेक्ट्रॉन लागतात. एका प्लेटवर इलेक्ट्रॉन साचतात, दुसरीवर त्यांचा तुटवडा होतो.

मग बॅटरी नुसती पडून असताना ही अभिक्रिया सुरूच का राहत नाही? प्लेटवर थोडे इलेक्ट्रॉन साचले की त्यांचा ऋणभार पुढच्या इलेक्ट्रॉनना अडवू लागतो. रसायनाचा रेटा आणि साचलेल्या भाराचा विरोध तोलास तोल झाला की अभिक्रिया जागीच थबकते. त्या वेळी दोन प्लेटांमध्ये जो फरक पडलेला असतो, तेच बॅटरीचं विभवांतर. शिशाच्या एका सेलमध्ये ते साधारण २.१ व्होल्ट असतं, म्हणजे एक कूलोम भार बाहेरून फिरून आला तर सुमारे २.१ ज्यूल ऊर्जा मिळते. असे सहा सेल ओळीने जोडले की झाली १२ व्होल्टची बॅटरी.

या सगळ्यात प्लेटच्या आकाराचा कुठेच संबंध आला नाही. व्होल्ट किती, हे पदार्थांची जोडी ठरवते. प्लेट मोठी असेल तर माल जास्त, म्हणून बॅटरी जास्त वेळ पुरते. १५० अँपिअर-अवरची इन्व्हर्टरची बॅटरी कागदोपत्री १.८ युनिट वीज साठवते, तर स्कूटरची चार-पाच अँपिअर-अवरची बॅटरी त्याच्या तिसाव्या हिश्श्याएवढी. आलेसांद्रो व्होल्टाने १८०० साली दोन वेगवेगळ्या धातूंच्या चकत्यांची चवड रचली. एकाच धातूच्या कितीही चकत्या रचल्या असत्या तरी काही हाती लागलं नसतं. शिशाची, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी १८५९ मध्ये गास्ताँ प्लांतेने केली आणि तिचं मूळ रसायन आजही तेच आहे.

पदार्थांची जोडी बदलली की व्होल्टही बदलतात, याचं उदाहरण तुमच्या शेजारीच आहे. तुमच्याकडून चांदणी चौक ओलांडला की पाषाण. तिथल्या ‘आयसर’ या विज्ञान संशोधन संस्थेच्या सहकार्याने केपीआयटी या पुण्याच्याच कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. सोडियम साध्या मिठात असतं, त्यामुळे ते मुबलक आहे. मात्र लिथियमइतक्या सहज ते इलेक्ट्रॉन सोडत नाही. दोघांत साधारण ०.३ व्होल्टचा फरक आहे, म्हणून सोडियमच्या सेलचं विभवांतरही सहसा थोडं कमी भरतं. पुण्यात बसून माणसं या अशा अंशांशी झटत आहेत, याचं मला फार अप्रूप आहे.

आता प्रवाहाकडे वळू. तुम्ही दिवा जोडता तेव्हा साचलेल्या इलेक्ट्रॉनना बाहेरून वाट मिळते. ते पलीकडे जाताच अडथळा कमी होतो आणि थबकलेली अभिक्रिया पुन्हा चालू लागते. ॲसिडमधून इलेक्ट्रॉन जाऊ शकत नाहीत, तिथे आयन सरकतात. बाहेर तार आणि आत आयन असं वर्तुळ पुरं झालं तरच प्रवाह टिकतो. तारेतले इलेक्ट्रॉन एरवी सेकंदाला मिलिमीटरभरही पुढे सरत नाहीत. तरी बटण दाबताच दिवा लागतो, कारण तार आधीपासूनच इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते आणि त्यांना ढकलणारं विद्युतक्षेत्र जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पोचतं.

ही अभिक्रिया डोळ्यांनीही पाहता येते. बॅटरीवाला झाकण उघडून हायड्रोमीटरने ॲसिड ओढतो, तेव्हा चार्ज झालेल्या बॅटरीत घनतेचा काटा १.२५ च्या आसपास राहतो आणि उतरलेल्या बॅटरीत १.१५ च्याही खाली जातो. ॲसिडमधलं सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतं, पाणी तयार होतं, द्रव हलका होतो. चार्जर हेच चक्र उलटं फिरवतो.

राहिला पाना. कोरड्या हातांचा रोध हजारो ओहम असतो, त्यामुळे १२ व्होल्टला अंगातून जाणारा प्रवाह सहसा जाणवण्याइतकाही नसतो. लोखंडी पान्याचा रोध जवळपास नाहीच. तो दोन्ही टोकांवर आडवा पडला तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात, पाना लाल होतो, वितळलेला धातू उडतो. चार्जिंगच्या वेळी सेलमधून हायड्रोजन निघतो, तो त्या ठिणगीने पेटू शकतो. शिवाय गाडीची बॉडी मायनसला जोडलेली असते. आधी प्लसचा नट सोडवायला घेतला आणि पाना बॉडीला टेकला तर तेच घडतं. म्हणून काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.