घोड्याच्या पायाची वाहती जखम

काटेरी तार, विळा किंवा पायबंदाची दोरी लागून तट्टाच्या पायाला जखम होते. ती वरून सुकते आणि महिन्याभराने तिथूनच पुन्हा पू वाहू लागतो. अशा जखमेवर चुना, मोरचूद, शेण, गाडीचे काळे तेल असे सर्व काही थापलेले आम्ही पाहिले आहे.

घोड्याच्या पुढल्या पायाला गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतेच. कातडी, हाड आणि खूर हलविणाऱ्या दोरखंडासारख्या शिरा, एवढेच. या शिरांना वैद्यकात कंडरा म्हणतात. कंडरेला रक्तपुरवठा अगदी थोडा असतो. जंतू आत शिरले की तिचा काही भाग मरतो, आणि मेलेल्या भागात रक्तच जात नसल्याने सुईने दिलेले औषधही तिथे पोचत नाही. मग मलम काय करणार?

अशा वेळी शस्त्रक्रियाच हवी. डॉक्टर भूल देऊन जखम उघडतात. निरोगी कंडरा पांढरी व चकचकीत दिसते. मळकट, भुसभुशीत झालेले धागे कापून काढतात. आत काटा, तारेचा तुकडा किंवा हाडाची मेलेली कपची असेल तर तीही काढतात. मग निर्जंतुक सलाइनने धुतात, तेही पेलाभर नव्हे, कित्येक लिटर. बाहेर फुगलेले तांबडे मांस सुरीने छाटतात. त्या मांसात वेदना नसते, पण रक्त पुष्कळ येते, तेव्हा हा उद्योग घरी करू नये. शेवटी बँडेज, कधी प्लास्टर.

जखमेतून अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट स्राव येत असेल, किंवा उभे राहताना खुराचे टोक वर उचलले जात असेल, तर एक दिवसही थांबू नका. पहिल्यात कंडरेभोवतीची पिशवी फुटलेली असण्याचा संभव असतो, दुसऱ्यात खोलवरची कंडरा तुटलेली असते.

धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत व मातीत असतात, आणि घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. शेण लावणे म्हणजे रोग हाताने आत घालणे होय. धनुर्वाताची लस पूर्वी टोचली असल्यास तिची तारीख डॉक्टरांना सांगा.

सांधलेली कंडरा पहिल्यासारखी लवचिक होत नाही. ६ ते १२ महिने तट्टाला ओझे नको, टांगा नको. हंगामात हे जड जाते, हे आम्ही जाणतो. पण लंगडणे थांबले म्हणून तिसऱ्या महिन्यात जुंपलेल्या जनावराची तीच शीर पुन्हा तुटू शकते.