तात्पुरते अधिकार आणि आपला ऊस



७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने आदेश काढून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास बंदी घातली. गळीत हंगाम ऐन भरात होता. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा, त्यामुळे साखर कमी पडेल ही धास्ती. आठवडाभरात थोडी परवानगी आली. पुरती मोकळीक मिळाली ती २०२४-२५ सालासाठी. "एका कागदानं सरकारला असं करता येतं होय?" असे अनेकांनी आम्हांला विचारले. येतं. कसं ते पाहू.

मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखाली सरकारने वस्तूंचा पुरवठा व दर यांवर ताबा घेतला. युद्ध संपले, १९४६ त त्या कायद्याची मुदतही संपली. टंचाई मात्र संपली नव्हती. म्हणून त्याच साली 'अत्यावश्यक पुरवठा (तात्पुरते अधिकार) कायदा' आला. नावातच 'तात्पुरते' होते बरं का! मुदत वाढवीत वाढवीत तो जानेवारी १९५५ पर्यंत चालविला. मग जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ झाला. नावातले 'तात्पुरते' गेले, अधिकार राहिले. १९६६ चे ऊस नियंत्रण व साखर नियंत्रण हे दोन्ही आदेश याच कायद्याची लेकरे. कारखान्यांच्या मानेवरची लेव्ही साखरही त्याच्याच जोरावर होती, ती २०१३ साली सुटली.

पण नुसती तक्रार करून चालायचे नाही. ऊस घातल्यावर १४ दिवसांत बिल मिळाले नाही तर सालीना १५ टक्के व्याज, हा आपला हक्कही त्याच ऊस नियंत्रण आदेशातला. मात्र त्यात 'वेगळा लेखी करार नसल्यास' अशी मेख आहे. म्हणून ऊस नोंदीच्या कागदावर सही करण्याआधी मजकूर वाचावा, वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्यावा.

घटनेतल्या आणीबाणीची गोष्ट वेगळी. १९६२ च्या चीन युद्धात ती पुकारली. लढाई महिनाभरात थांबली, आणीबाणी जानेवारी १९६८ पर्यंत राहिली. १९७५ च्या अनुभवानंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तिला दावे बांधले: मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय, महिन्याच्या आत संसदेची मंजुरी, पुढे दर सहा महिन्यांनी पुन्हा मंजुरी. वस्तूंच्या कायद्याला असे दावे नाही. केंद्राचा आदेश संसदेपुढे ठेवावा लागतो, पण मंजुरीसाठी तो थांबत नाही. किती दिवस चालणार, हे आदेशात लिहिले असेल तेवढेच. २०२३ च्या बंदीत निदान साल तरी लिहिले होते.